बुडावरचं नाव

मार्ल क्रीकमध्ये हाल्वर नीगार्डला ओळखत नाही असा माणूस नव्हता, आणि त्याच्या मनात काय जळतंय ते ओळखणारी एकच बाई होती, त्याची बायको आर्डिस. बाकीच्यांच्या लेखी हाल्वर म्हणजे रेल्वेच्या वर्कशॉपात तेहतीस वर्षं लेथ चालवून निवृत्त झालेला, मोजकं बोलणारा, हिवाळाभर घरामागच्या शेडमध्ये काडतुसांच्या पितळी पुंगळ्या घडवत बसणारा भला माणूस. भला तो होताच. पण भल्या माणसाच्याही पोटात दुखतं, आणि हाल्वरच्या पोटात बारा वर्षं दुखत होतं. त्या दुखण्याचं नाव टली ब्रॅनॉक.

टली हा त्याचा सगळ्यात जवळचा मित्र. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण लांबच्या माणसाचा हेवा करायला कुणाला फुरसत असते? हेवा करायचा तर माणूस रोजच्या उठण्याबसण्यातला हवा. टलीची गावाबाहेर गुरांची रँच होती. आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. तो पोस्टात तिकिटं घ्यायला गेला तरी रांगेतली चार माणसं हसत बाहेर पडायची. हाल्वर त्याच रांगेत उभा राहिला, तर तो निघून गेल्यावर लोकांना आठवायचं, की अरे, नीगार्ड होता वाटतं इथे.

सगळं सुरू झालं ते गोफरच्या बिळापासून. गोफर म्हणजे आमच्याकडची जमीन पोखरणारी खार. घोड्याचा पाय तिच्या बिळात गेला की घोडा संपला, म्हणून वसंत लागला की रँचवाले रायफली घेऊन माळावर पालथे पडतात. अशाच एका एप्रिलमध्ये टली पालथा पडल्या पडल्या म्हणाला, की लांबवर सरळ जाईल आणि खांद्याला लाथ मारणार नाही असं एखादं काडतूस हवं होतं, कारखानदारांना ते अजून का सुचलं नाही कोण जाणे. एवढं बोलून त्याने थर्मासमधली कॉफी संपवली आणि विषयही संपवला. हाल्वरने मात्र तो घरी नेला आणि त्यात तीन हिवाळे घातले.

असल्या काडतुसाला आमच्याकडे रानमांजर म्हणतात. ते कुठल्या कारखान्यात जन्मत नाही, दुकानात मिळत नाही. ज्याला हवं त्याने दुसऱ्या काडतुसाची पुंगळी घेऊन ठोकून, दाबून, कापून ते स्वतः घडवायचं. हाल्वर लष्करातून सुटलेल्या, थर्टी-ऑट-सिक्स नावाच्या मोठ्या काडतुसाच्या रिकाम्या पुंगळ्या पोत्याने आणायचा. आधी पुंगळीचं तोंड ज्योतीवर फिरवून मऊ करायचं, नाहीतर पितळ चिरतं. मग लोकरीचं मेण बोटाने चोळून तिला लांब दांड्याच्या प्रेसमध्ये एकामागून एक तीन साच्यांतून दाबायचं, म्हणजे तिचा खांदा खाली उतरतो आणि गळा अरुंद होतो. जास्तीची लांबी कापायची. या दाबादाबीत अंगाचं जाड पितळ गळ्यात येतं, ते कातून गळा सगळीकडून सारखा पातळ करायचा. इथे चूक चालत नाही. गळा जाड राहिला तर तो गोळीला आवळून धरतो, आत दाब चढतो आणि रायफल उडवणाऱ्याच्याच तोंडावर फुटू शकते.

एवढं करूनही पुंगळीचा खरा आकार यायचा बाकीच असतो. तिच्यात बंदुकीची थोडी दारू, वर गव्हाचा बारीक रवा आणि तोंडाला मेणाचं बूच, असा बिनगोळीचा बार नव्या रायफलीतून आकाशाकडे तोंड करून उडवायचा. आतून जोर बसला की पितळ फुगून चेंबरच्या, म्हणजे रायफलीत काडतूस बसतं त्या पोकळीच्या, मापात बसतं. शंभरातल्या वीस पुंगळ्या तरी कुठे ना कुठे तडकायच्या. नीगार्डांच्या घरी रवा इतका लागायचा, की किराणावाल्याने एकदा आर्डिसला विचारलं, नातवंडं राहायला आलीत का. ती म्हणाली, “नाही, नवऱ्याच्या बंदुकीला भरवतेय.”

ते रव्याचे बार टलीच्या रँचवर उडवले जात. रायफल टलीची, माळ टलीचा, आणि खाली पडलेला रवा चाटणारी कुत्रीही टलीचीच. या शोधात टलीचा वाटा एवढाच, कुत्री धरून. नेम मात्र टलीचा होता, हे हाल्वरही नाकारत नसे. हाल्वरच्या हातात ते काडतूस चांगलं होतं, टलीच्या हातात ते गोफरला पळायची बुद्धी सुचायच्या आत पोचायचं.

सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी आमच्या परगण्याची नेमबाजीची स्पर्धा असते. टली ते नवं काडतूस घेऊन उतरला आणि सगळ्यांना मागे टाकून गेला. हाल्वर तेव्हा कुठे होता? मातीच्या बांधाआड, खंदकात. त्या दिवशी निशाण्यांचे कागद बदलायची पाळी त्याची होती. टलीची प्रत्येक गोळी नेमक्या मध्यात लागलेली तोच पाहत होता आणि काठीला लावलेली लाल तबकडी वर करून तोच सगळ्यांना दाखवत होता. वर टेबलापाशी नेमबाजी क्लबची सेक्रेटरी बर्निस ओक्लंड निकालाचा कागद भरत होती. त्यात काडतुसाच्या नावाचा एक रकाना असतो. तिने टलीला विचारलं. टली म्हणाला, याला अजून नावच नाही, काहीतरी लिही. बर्निसने शेजारच्या रकान्यातलं आडनाव उचलून इकडे लिहिलं, आणि हाल्वर कपडे झटकत खंदकातून वर येईपर्यंत त्याच्या तीन हिवाळ्यांचं नाव ‘ब्रॅनॉक’ झालं होतं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच प्रकार, आणि इथे तर बिळही खरंच होतं.

तिथल्या तिथे तोंड उघडलं असतं तर दोन मिनिटांत मिटलं असतं. टलीच म्हणाला असता, की अरे हो, हे हाल्वरचं. पण हाल्वरचं म्हणणं, की हे मागून घ्यायचं नसतं, समोरच्याला ते सुचायला हवं. टलीला सुचलं नाही. त्याला कुणी काही दिलं तर तो घ्यायचा, कुणी काही नेलं तर नेऊ द्यायचा, आणि दोन्ही वेळा हसायचा. हाल्वर मूग गिळून बसला आणि ते मूग पोटात बारा वर्षं मोड धरत राहिले.

यात आणखी एक काटा होता. पुंगळी कितीही घडवली तरी तिच्या बुडावरचा मूळ शिक्का तसाच राहतो. हाल्वरच्या पुंगळ्यांच्या बुडावर लष्करी कारखान्याचा शिक्का आणि साल होतं. त्यामुळे रानमांजरं पाळणाऱ्यांचा एक कायदा असतो, बुडावरचं वाचायचं नाही, नळीवरचं वाचायचं. चुकून भलतं काडतूस भलत्या रायफलीत जाऊ नये म्हणून नळीवर खरं नाव कोरावंच लागतं. बघता बघता परगण्यातल्या अकरा जणांनी हे काडतूस घेतलं, आणि त्या अकरा नळ्यांवर ‘ब्रॅनॉक’ ही अक्षरं कुणी कोरली? हाल्वरने, स्वतःच्या हाताने. अक्षर त्याचं सुंदर होतं. राग आला की तो ते आणखी सुंदर काढायचा.

आणि तरीही दर नोव्हेंबर ते मार्च, दर शनिवारी, सकाळी दहाला टलीचा पिकअप नीगार्डांच्या अंगणात येऊन उभा राहायचा. रँचवर बर्फ असताना तसं काम नसतं. टली डोनटची पिशवी घेऊन शेडमध्ये शिरायचा, जुन्या ट्रॅक्टरच्या सीटवर बसायचा आणि हाल्वरला एकेक पुंगळी पुसून हातात द्यायचा. एवढंच त्याचं काम. तोंडाचं काम निराळं. कुणाचा सांड कुणाच्या कुंपणात शिरला, चर्चमधल्या जेवणाला कुणी तोच खिमा-बटाट्याचा भांड्यातला पदार्थ तिसऱ्यांदा आणला, कुणाचा जावई कसा, हे दोन वाजेपर्यंत चालायचं. हाल्वर मान खाली घालून गळे कातायचा आणि अधूनमधून “हं” म्हणायचा. टली आला की त्याचं डोकं फिरायचं. एखाद्या शनिवारी नाही आला तर जास्त फिरायचं. हे दुसरं आर्डिसने टिपलं होतं, त्याने नाही.

बाराव्या हिवाळ्यात टली एक फॉर्म घेऊन आला. पूर्वेकडे पुंगळ्या बनवणारा एक छोटा कारखाना होता. निदान पाच हजार नग घेतले तर ते कुणाच्याही मापाच्या पुंगळ्या थेट करून देत, बुडावर हवं ते उमटवून. टलीने फोनवर त्यांच्याशी गप्पा मारून, क्लबातल्या लोकांना पटवून सगळं जुळवलं होतं. आता फक्त मापं भरायची होती, आणि मापं हाल्वरच्या डोक्यात आणि वहीत.

“आकडे तुझे आहेत, तूच भर,” टली म्हणाला. “मी भरलं तर त्यातून सोड्याची बाटली निघेल.”

हाल्वरने फॉर्म खालपर्यंत वाचला. शेवटची ओळ होती, बुडावर उमटवायचा मजकूर. त्याने बोट तिथे ठेवलं आणि शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं, “इथे काय?”

टली तोवर दारात होता, गाडीतल्या कुत्र्याला ओरडत होता. “ते तुला माहीतच आहे,” तो म्हणाला आणि गेला.

माहीतच आहे. हाल्वरला ते दोन शब्द दोन आठवडे पुरले. म्हणजे विचारायचंही काही राहिलं नाही. म्हणजे सूर्य पूर्वेला उगवतो तसं हे काडतूस ब्रॅनॉकचं, एवढं उघड. नळीवर कोरलेलं नाव निदान त्याच्या हातचं तरी होतं. आता ते कारखान्यात पाच हजार वेळा ठोकलं जाणार, आणि आपण मेल्यावरही लोक ती पुंगळी उलटी करून तेच वाचणार. त्याने वरच्या सगळ्या ओळी भरल्या, एक दहा-हजारांश इंचही इकडचा तिकडे नाही. शेवटची ओळ सोडून तो रोज फॉर्म ड्रॉवरमध्ये ठेवायचा. पंधराव्या दिवशी सकाळी त्याने आपलं ते सुंदर अक्षर काढून गोळीचं माप आणि पुढे नाव लिहिलं, ‘सिक्स-एमएम नीगार्ड’, आणि विचार बदलायच्या आत बूट न बांधताच पोस्टात गेला.

पुढचे पाच महिने हाल्वर मनात मांडे खात होता. खोकी येतील. टली एक पुंगळी उचलेल, उलटी करेल, वाचेल. त्याचं तोंड उतरेल. बस्, तेवढंच हवं होतं. टलीचं कायम उजळलेलं तोंड त्याला एकदा, आपल्यामुळे, उतरलेलं पाहायचं होतं. मग टली भांडेल, आणि आपण बारा वर्षांचं सगळं बोलून घेऊ. त्याने वाक्यं तयार ठेवली होती. दाढी करताना तो ती म्हणून बघायचा.

खोकी मे महिन्यात आली. क्लबचं जेवण अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये असतं, तिथे पंगतीच्या टेबलावर ती मांडली होती. तीसेक माणसं जमली होती. टलीने चाकूने खोकं कापलं, एक पुंगळी उचलली, उलटी केली, चष्मा कपाळावरून खाली घेतला. हाल्वर कॉफीच्या भांड्यामागे उभा होता.

टलीने वाचलं. आणि तो हसला, नेहमीचं ते छत हलवणारं हसू. त्याने खुर्चीवर पाय दिला, पुंगळी वर धरली आणि सगळ्यांना ओरडून सांगितलं, की बघा रे, शेवटी योग्य नाव लागलं. हे काडतूस पहिल्यापासून या म्हाताऱ्याचं, मी नुसता बार उडवायला होतो. “मी त्याला फॉर्म देतानाच म्हटलं होतं, तिथे काय लिहायचं ते तुला माहीतच आहे,” टली म्हणाला. “आता कुणी ब्रॅनॉक म्हटलं तर त्याची खैर नाही.”

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. लोक उठून उभे राहिले. बर्निसने डोळे पुसले. आणि मग जो तो गेला तो टलीकडे. त्याची पाठ थोपटत होते, हात हातात घेत होते. एवढी वर्षं स्वतःच्या नावाने चाललेली गोष्ट मित्राला अशी देऊन टाकायची, याला काळीज लागतं, असं म्हणत होते. हाल्वरजवळही दोघंतिघं आले. म्हणाले, नशीबवान आहेस, असा मित्र मिळायला भाग्य लागतं. हाल्वरने कागदी कपात कॉफी ओतली आणि ती कप भरल्यावरही ओततच राहिला.

घरी जाताना गाडी आर्डिस चालवत होती.

“तुला हवं ते मिळालं ना?” तिने विचारलं.

“त्याने दिलं.”

“कुणी दिलं त्याच्याशी काय करायचंय?”

“मी घेतलं होतं, आर्डिस,” हाल्वर म्हणाला. “गपचूप का होईना, मी घेतलं होतं. त्याने एका वाक्यात ते दिलेलं करून टाकलं.”

आर्डिस म्हणाली, की तिने एवढ्या वर्षांत दोन भावंडांची भांडणं सोडवली, सासूला सांभाळलं, पण चांगलं वागल्याबद्दल कुणावर दावा कसा ठोकायचा हे तिला ठाऊक नाही.

कारखान्याच्या पुंगळ्या सरस निघाल्या. तयार मापाच्या, गळा सगळीकडून सारखा, ना दाबायचं ना कातायचं ना रवा उडवायचा. खोक्यातून काढा, भरा, उडवा. लोक खूश होते. उन्हाळाभर माळावर ‘नीगार्ड’ कडाडत होतं. एखादा नवखा विचारायचा, हे नीगार्ड कोण? तर लोक सांगायचे, टली ब्रॅनॉकचा मित्र, टलीने त्याला नाव दिलं. हाल्वर हेही ऐकून घ्यायला शिकला. पण नोव्हेंबर आला आणि पहिल्या शनिवारी त्याने शेडमधली शेगडी पेटवली, प्रेसच्या दांड्याला तेल दिलं, आणि दहा वाजले, साडेदहा वाजले, तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की आज घडवायला काहीच नाही आणि त्यामुळे यायलाही कुणाला काही कारण नाही.

दुसऱ्या शनिवारीही कुणी आलं नाही. टली रागावला नव्हता. दुकानात भेटला की तसाच ओरडून हाक मारायचा, आर्डिसची चौकशी करायचा. त्याला फक्त काम उरलं नव्हतं. हाल्वरने स्वतःला सांगितलं, की बरं झालं, कानाला विश्रांती. आणि तिसऱ्या शनिवारी तो तिकिटं आणायला पोस्टात निघाला, तेव्हा त्याला टलीचा पिकअप ओर्डेल स्टिमॅकच्या शेडसमोर उभा दिसला.

स्टिमॅक रायफलींचे लाकडी दस्ते करायचा, अक्रोडाच्या लाकडाचे. टलीने नवा दस्ता सांगितला असेल, त्यात काय एवढं. पण हाल्वर परत येताना मुद्दाम त्याच बाजूने आला आणि चालायचा थांबला. खिडकीतून आतलं दिसत होतं. टली एका ओंडक्यावर बसून दस्त्याला पॉलिशपेपर घासत होता. शेजारी डोनटची पिशवी. तो काहीतरी सांगत होता आणि स्टिमॅक हसत होता. हा तोच स्टिमॅक, ज्याला स्वतःच्या लग्नातही कुणी हसताना पाहिलं नव्हतं. हाल्वरच्या पोटात जे कळवळलं ते बारा वर्षांच्या दुखण्याहून वेगळं होतं, खोल आणि लाजिरवाणं. नावाचा हेवा निदान चारचौघांत सांगण्यासारखा होता. सत्तरीला आलेल्या माणसाने कुणाला सांगायचं, की माझा मित्र दुसऱ्याच्या शेडमध्ये बसतो?

यानंतर हाल्वरला शनिवारी फार तिकिटं लागू लागली. एकदा आर्डिसने ड्रॉवर उघडून मोजली.

“घरात दीडशे तिकिटं आहेत,” ती म्हणाली. “कुणाला पत्र लिहिणार आहेस? त्याचं घर चार मैलांवर आहे. फोनही आहे.”

“फोन करून काय सांगू?”

“मला काय माहीत. तुम्ही दोघं एवढी वर्षं काय बोलत होता?”

हाल्वर शेडमध्ये गेला. त्याने कारखान्याचं एक खोकं फोडलं आणि मायक्रोमीटर घेऊन गळे मोजायला बसला. खोट शोधत होता. दहा मोजले, वीस मोजले, चाळीस मोजले. सगळे सारखे. त्याच्या हातच्याहून सारखे. त्या कारखान्याचाही त्याला क्षणभर हेवा वाटला. मग त्याने एक पुंगळी उलटी करून बुडावरची अक्षरं वाचली, पुन्हा खोक्यात ठेवली आणि घरात जाऊन फोन लावला.

“टली, त्या पुंगळ्या,” तो म्हणाला. “गळे नीट नाहीत. एका अंगाला जाड आहेत.”

“मी उन्हाळाभर उडवल्या की. काही झालं नाही.”

“नशीब समज. मी मोजल्यात. कातल्याशिवाय उडवू नकोस.”

“म्हणजे नीगार्ड शिक्क्याचा माल खराब?” टलीने विचारलं.

हाल्वरने डोळे मिटले. “हो,” तो म्हणाला. “बेभरवशाचा आहे.”

“माझ्याकडे हजार आहेत.”

“मग हजार कातायला लागतील.”

“बरेच शनिवार जातील रे.”

“जातील,” हाल्वर म्हणाला.

टलीच्या तोंडात तीळ भिजत नाही. सोमवारपर्यंत बातमी परगणाभर झाली, की नीगार्डवर भरवसा ठेवू नका, गळा धोक्याचा आहे. धान्याच्या दुकानातल्या माणसाने हाल्वरला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, की लोक तुमच्या नावाबद्दल बरं बोलत नाहीत, वाईट वाटतं. मापं तर तुम्हीच दिली होती ना, असंही तो म्हणाला. तेहतीस वर्षांत ज्याचं एक माप चुकलं नाही त्याचे कान गरम झाले. पण त्याने नाही म्हटलं नाही. म्हणाला, चुकतं माणसाचं, आणि मांजराच्या खाण्याची पिशवी उचलून बाहेर पडला.

शनिवारी दहाला पिकअप अंगणात वाजला. टली दोन्ही हातांत खोकी आणि दातांत डोनटची पिशवी धरून आत शिरला, सीटवर बसला आणि काही न विचारता पहिली पुंगळी पुसून हाल्वरच्या हातात दिली. हाल्वरने ती कातायच्या हत्याराला लावली आणि फिरवू लागला. जाड गळा असला की हत्याराखालून पितळेची बारीक तार सुटते, केसासारखी, आणि टेबलावर पडते. एवढ्या वर्षांत टलीने त्या तारांचे ढीग झाडले होते. आता हत्यार गळ्यावरून गोल गोल फिरत होतं आणि टेबलावर काहीच पडत नव्हतं.

टली टेबलाकडे पाहत राहिला. बोलता बोलता थांबायची सवय नसलेला तो माणूस थांबला. हाल्वरची मान खाली होती आणि मानेपर्यंत तो लाल झाला होता. त्याने ती पुंगळी काढून बाजूला ठेवली.

“स्टिमॅककडची कॉफी कशी असते?” त्याने मान वर न करता विचारलं.

“पाणी असतं नुसतं,” टली म्हणाला. मग त्याने खोक्यातून दुसरी पुंगळी काढली आणि ती नेहमीपेक्षा जास्त वेळ पुसली.

“ही तर फारच जाड दिसतेय,” तो म्हणाला आणि ती हाल्वरच्या हातात दिली.